एकशेवीस शब्द

प्रश्न सतरावा : गेल्या दोन आठवड्यांत
तुम्हाला किती वेळा एकटं वाटलं?
कधीच नाही, क्वचित, बरेचदा, जवळजवळ रोज.
रोना गॅल्ब्रेथ म्हणते, थांब, आधी कपडे काढते,
आणि छताखालच्या दोरीवरून
लहान मोजे, मोठे मोजे, लहान मोजे
माझ्या फॉर्मशेजारी रचत जाते.
मोठे कुणाचे, हे मी विचारत नाही.
तो सप्टेंबरपासून पाण्याखाली आहे.
‘मीच घालते,’ तीच म्हणते, ‘पाय गार पडतात.’

हेलेन्सबर्गच्या या गल्लीतली माझी ही अकरावी खुर्ची.
अकरा स्वयंपाकघरं, अकरा कप चहा,
आणि प्रत्येक फ्रिजवर एक कॅलेंडर
ज्यात परतीची तारीख नसते.
युनिव्हर्सिटीनं शिकवलंय :
मान डोलवायची नाही, सुचवायचं नाही,
उत्तर येईपर्यंत सात सेकंद गप्प राहायचं.
खाडीकाठच्या बायका सात सेकंदांना हसतात.

पाणबुडीवर आठवड्याला एक निरोप जातो,
एकशेवीस शब्दांचा. उलट काही येत नाही.
वाईट बातमी घालायची नाही; घातली तरी
कुणीतरी मधेच काढून ठेवतं
तो बंदराला लागेपर्यंत.

म्हणून टॅटी अजून जिवंत आहे.
ऑक्टोबरात गेलेली ती म्हातारी कुत्री
दर रविवारी समुद्राच्या तळाशी
शेपूट हलवते, चपला चावते,
मागच्या खेपेला तर तिनं शेजाऱ्यांचं सॉसेज पळवलं.
‘ते रूअरीनं सुचवलं,’ रोना म्हणते,
आणि हसता हसता तिला शिंक आल्यासारखं होतं.

मी फॉर्म चाळते.
झोप आहे, भूक आहे, पैसे आहेत, दारू आहे.
मेलेल्या कुत्रीला जगवण्याचा रकाना नाही.

माझे वडीलही याच धक्क्यावरून जायचे.
हे मी सांगत नाही; संशोधकाला वडील नसतात.
पण आईची वही आठवते,
शब्दाशब्दावर पेन्सिलीचा ठिपका,
आणि मला गोवर आला तो अख्खा आठवडा
तिनं ‘घरीच होतो’ एवढ्यात भागवला होता.

रूअरी येतो. आठ वर्षांचा, गुडघ्यांना चिखल.
कागदावर बोट फिरवत, ओठ हलवत मोजतो
आणि निकाल देतो : एकशेएकवीस.
एक जास्त झाला, आई.
दोघं माझ्याकडे बघतात.
मी शिकलेली बाई, मला कळत असेल.

‘टॅटी काढायची नाही,’ तो आधीच बजावतो.
मी वाचते. गळकं छप्पर नाही त्यात,
पहाटेचे तीन नाहीत,
शाळेतून आलेलं ते पत्रही नाही.
शेवटची ओळ : इकडे सगळं बरं आहे.

सात सेकंद जातात. आठ. नऊ.
मग रोना माझ्या हातातलं पेन घेते
आणि ‘सगळं’ खोडते.

पेन परत देते.
‘बरं,’ म्हणते,
‘कितव्यावर होतो आपण?’