सहा खिळे

फाल्गुनात गारा पडल्या त्या दुपारी
आमच्या शेडचा पत्रा उडाला
आणि बुंदेल्यांच्या सोलरवर जाऊन बसला.
पत्र्यावर ठेवलेले चार दगड
आत पडले, मशिनींच्या मधोमध.
कुणाला लागलं नाही.
हे वाक्य मी तेव्हापासून
दिवसातून तीनदा तरी म्हणते.

सुदामानगरातली गच्ची, पाच मशिनी, अकरा मुली.
ताहेराने अर्धा शिवलेला घागरा डोक्यावर धरला होता,
गारा घेरात साठत होत्या
आणि ती हसत होती, वेडी,
सोळा वर्षांची.

सियागंजात मुस्तनसिरभाईंनी तीन तुकडे पुढे ठेवले.
एक वहीच्या पुठ्ठ्यासारखा वाकणारा.
एक बरा.
तिसरा डांबराचा, दुहेरी थराचा, वर बारीक खडी,
उचलायला दुसरा हात लागला.
"हा उडायचा नाही, बहनजी."
दर मात्र तोंडाने सांगितला नाही,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.

तिन्ही तुकडे मागून घरी आणले.
रात्री फ्रीजरमध्ये वाट्या लावल्या,
सकाळी गारा तयार:
सुपारीएवढ्या, आवळ्याएवढ्या,
आणि एक मोठी, आमटीच्या वाटीची,
तशी आकाशातून पडत नसावी,
पण माझा आता आकाशावर भरवसा नाही.

फूलवंतीने टाकीवर चढून नेम धरला.
पहिला तुकडा वरून धड दिसला,
उलटा केला तर पाठीला तडा.
दुसऱ्याची खडी निघाली,
गुडघा खरचटतो तशी.
तिसऱ्यावर गारच फुटली.
मुलींनी टाळ्या वाजवल्या.
समोरच्या खिडकीत बुंदेले उभे होते.
मी टाळ्या थांबवल्या.

गुलशेर मिस्त्रीने तुकड्याकडे पाहिलंच नाही.
भिंतीवर बोटाने टकटक केली, कान लावला.
"वजन छपराला काय विचारता, बाई,
भिंतीला विचारा."
भिंत चार इंची.
मीच बांधून घेतलेली, स्वस्तात,
आणि तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं
किती स्वस्तात ते.

म्हणून आधी लोखंडी खांब, चार.
मग उतार, मग प्लाय, मग कागद,
मग ते जड काळे तुकडे.
इंटरलॉकचं मशीन पुढच्या वर्षी.
मुलींना मी कारण सांगितलं नाही,
त्यांनी विचारलंही नाही,
खांब मोजले फक्त.

"चार खिळे मारू की सहा?"
हा प्रश्न मला कळला.
बाहीचा मुंढा जिथे ताणतो
तिथे दुहेरी शिलाई,
हे मी वीस वर्षं शिकवते.
सहा, म्हटलं.
खालच्या रांगेचे खिळे वरच्या रांगेने झाकत
तो चढत गेला.
"खिळा दिसला म्हणजे चुकला," म्हणाला.
आमच्यात टाका दिसला की म्हणतात.

एक गोष्ट त्याने उतरताना सांगितली.
प्रत्येक तुकड्याला खाली गोंदाची पट्टी असते,
ती हाताने दाबून चिकटत नाही.
ऊन लागावं लागतं.
"चैत्र तापू द्या, मग धरतील एकमेकांना.
तोवर वारा आला तर
अल्लाचं नाव घ्या, आणि खिळ्यांचं."

तेव्हापासून रोज भर दुपारी
मी शिडीवर चढते.
कात्रीचं टोक कडेखाली घालून पाहते.
पहिला आठवडा, कड उचलली गेली.
दुसरा आठवडा, उचलली गेली, पण कुरकुरत.
खाली मुली म्हणतात, उकडतंय, पंखा वाढवा.
मी म्हणते, अजून तापू दे.

ताहेराचा घागरा काल गिऱ्हाइकाने नेला.
घेरावर गारांच्या पाण्याचे वळ राहिले होते,
धुऊनही गेले नाहीत.
बाई म्हणाली, ही डिझाइन नवीन आहे का?
ताहेरा म्हणाली, हो.

आज कड उचलली नाही.
कात्रीचं टोक वाकलं.

बुंदेल्यांचे दोन हप्ते राहिलेत.