सात मोजेपर्यंत

थंडर बेच्या विद्यापीठात, तळघरातल्या खोलीत
ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे
मी शिकलेल्यांना शिकवायला शिकवते.
बारा जण. सगळे पीएच.डी.च्या वाटेवर.
सगळ्यांना सगळं येतं,
हीच अडचण.

एइनो लाहतेला खडकांतला दर्दी.
पाच मिनिटांचा पाठ दिला, तर तो फळ्याशीच बोलला.
फळ्याला बहुतेक समजलं असावं.
चित्रफीत लावून दाखवली; स्वतःची पाठ बघत
म्हणाला, "केस विरळ झालेत की मागून."
हसलो सगळे.

"शंका आहे का कुणाला?" विचारायचा
आणि लगेच डस्टर उचलायचा.
मी घड्याळ लावून पाहिलं: सव्वा सेकंद.
तेवढ्यात शंकेला चप्पलसुद्धा सापडत नाही.

म्हटलं, प्रश्न विचार आणि सात मोज. मनात.
तिसऱ्याला त्याला घाम फुटला,
चौथ्याला स्वतःच उत्तर देऊन मोकळा,
पाहुण्याला वाढलेलं ताट
यजमानानंच जेवून उठावं तसा.

खोली झाडायला आलेली डोरीन दाराशी थांबली होती.
टेबलावरचा ॲमेथिस्ट उचलून म्हणाली,
"हा जांभळा का असतो रे?"
एइनोनं तोंड उघडलं.
लोह, किरणोत्सार, कोट्यवधी वर्षं, सगळं ओठांवर आलेलं.
मिटलं.
"तुम्हाला काय वाटतं?"

एक. दोन.
डोरीननं झाडू भिंतीला टेकवला.
पाच.
"माझ्या खिडकीतला उन्हानं पांढरा पडलाय," ती म्हणाली,
"जे उन्हानं जातं
ते अशाच कशानं तरी आलं असणार."

एइनो खाली बसला. वहीत काहीतरी लिहिलं.
काय ते मी विचारलं नाही.

सप्टेंबरात त्याच्या पहिल्या तासाला मी शेवटच्या बाकावर.
साठ मुलं, टोप्या न काढलेली.
त्याने प्रश्न विचारला.
दूर सरोवरात धान्याच्या जहाजाचा भोंगा वाजला, थांबला.
पाठीमागे धरलेल्या हाताची बोटं
एकेक करून मिटत होती;
फळ्याच्या काचेत मला दिसत होती.
सात झाले. कुणी नाही.
माझीच जीभ वळवळली.
आठ.
नऊ मी त्याला शिकवला नव्हता.

तिसऱ्या रांगेत एक हात उठला,
कान खाजवायलाच, बहुतेक.
एइनो म्हणाला,
"हं, बोल."