पाणी वगळून

दिवाडीहून पहिली फेरीबोट धरून आला इनास रिबेलो,
सिमेंटच्या पिशवीत पेंढा, तोंडाला काथ्या.
त्याच्या बोलीत ते 'तण'. माझ्या शाळेच्या मराठीत
तण म्हणजे उपटून टाकायचं ते.
अर्जावर मी लिहिलं: पेंढा, भाताचा, कोरगुट.
'जनावरं कशासाठी' या रकान्यापाशी पेन थांबलं.
"लिही ना, पाडे," तो म्हणाला.
पाडे हे काही कारण नव्हे.
रकाना तसाच ठेवला.

अकरा पाडे. चीक आटायच्या आत गोठेवाल्यांना नकोसे झालेले,
एकेक करून स्कूटरच्या पायाशी बसवून आणलेले.

नऊ दिवसांनी अहवाल. चष्मा तो घरी विसरलाय,
म्हणून मी वाचते.
ओलावा अकरा. बुरशी धरणार नाही, बरं आहे.
तंतू बाहत्तर. चघळत बसतील, रात्र सरेपर्यंत.
प्रथिनं तीन पूर्णांक चार.
"शंभरात?"
शंभरात.
"पण पोट तर फुगतं गो बाय, घुमटासारखं."
फुगणारच. सातच्या खाली गेलं की
आधी पोटातले जंतू उपाशी पडतात,
मग त्यांच्यामागून पाडा,
भरल्या दावणीसमोर.

त्याचं बोट शेवटच्या ओळीवर.
राख, एकवीस.
"जाळलं कोणी?"
आम्हीच. चिमूटभर, भट्टीत,
जे जळत नाही ते मोजायला.
भाताच्या काडीत वाळू असतेच. पण इतकी नाही.

तो गप्प. मग आडवाटेने सांगू लागतो:
भाद्रपदात मानशीची एक फळी कुजली,
दोन भरत्या शेतात शिरल्या.
सगळे म्हणाले, कोरगुट आहे, सोसेल.
सोसलं. दाणाही धरला.
"तरीच दोन बादल्या जास्त पितात.
मी ऊन समजत होतो."

कागदाच्या माथ्यावर बारीक अक्षरात छापलंय:
सर्व आकडे पाणी वगळून.
पाणी वगळलं,
आणि मांडवी उरली.

मागच्या कोऱ्या बाजूला मी लिहून देते:
खोबऱ्याची पेंड, पाड्यामागे पाऊण किलो.
नाहीतर शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पाण्यात विरघळवून,
ताडपत्रीखाली एकवीस दिवस.
मिठाचा खडा काढून टाका, तो दावणीतच आहे.
"आणि काहीच नाही केलं तर?"
थंडी निघेल. वजन टिकलं तर टिकेल. वाढणार नाही.
"वाढायला तर हवं,"
तो म्हणतो, आणि लगेच खिडकीबाहेर बघतो,
जिथे बघण्यासारखं काही नाही,
जनरेटर, एक तुटकं स्टूल.
माझ्या फायलीत तो रकाना अजून रिकामाच आहे.

कागद चौघडी करून खिशात.
दारापर्यंत जाऊन परत येतो.
"उरलेलं तण?"
आम्ही फेकतो, मी म्हणते.
"दे इकडे. धाकट्याला आवडतं."
थोडा थांबून, जरा ओशाळून:
"खारट असतं ना."