आधी काय दळलंत?

रिओनी नदीच्या अलीकडे सात दारं,
पलीकडे दोन.
माझं कुताइसी आता एवढंच उरलंय,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
शाई चालत नाही, खोडावं लागतं.

परवा एक दार खोडलं.
बाजारामागची इरमाची खानावळ.
इरमा माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची.
मातीच्या मडक्यात राजमा, अक्रोडाचं वाटण,
वर मूठभर कोथिंबीर, सगळं चोख.
फक्त रस दाट व्हावा म्हणून मैदा.
"एकच चमचा गं. चमचाभरानं काय होतंय?"
मी पैसे दिले, मडकं तसंच ठेवलं, निघाले.
चमचाभरानं काय होतं
ते रात्री दोन वाजता बादली धरून बसणारीला विचारावं.

तेकले नऊ वर्षांची आहे.
फ्रॉक सहा वर्षांच्या मुलीचे होतात.
दोन वर्षं कुणी म्हणालं दृष्ट, कुणी जंत,
सासूबाई म्हणाल्या, लाड.
आणि मी तिला भरवत होते
भट्टीच्या भिंतीवरून नुकताच सोलून काढलेला
होडीसारखा पाव,
टोकाचा कुरकुरीत तुकडा मोडून, फुंकर घालून,
माझ्या ह्या हातानं.

डॉक्टरांनी कागदावर गहू लिहिलं, जव लिहिलं, राय लिहिली,
आणि खाली दोनदा अधोरेखित: कणसुद्धा.
तेव्हापासून मी लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावते.
ही कढई कशाची? हा झारा कुठे बुडाला होता?
पाव कापलेल्या सुरीनं चीज कापता का?
लग्नात मांडव भरलेला, टेबलाचा म्होरक्या प्याला उंचावून
पूर्वजांसाठी बोलतोय, सगळे उभे,
आणि मी पर्समधून डबा काढतेय.
सासूबाई दुसरीकडे बघतात.

मका आहेच की, सगळे सांगतात.
आहे. आमच्या इमेरेतीत मक्याच्या भाकरीवर पिढ्या वाढल्या.
पण मका दळायचा कुठं?
चढावरच्या गावात गुरामची पाणचक्की.
मी विचारलं, "आधी काय दळलंत?"
"गहू," तो म्हणाला. "शेजारधर्म आहे. गव्हावर मका, मक्यावर गहू."
मी पिशवी उचलली.
"थांब. दगड धुता येत नाही, पण उचलता येतो.
सोमवारी पहाटे ये. मी घासून ठेवीन,
पहिले दोन किलो मका कोंबड्यांना, मग तुझा."
"त्या दोन किलोंचे पैसे?"
"कोंबड्यांकडून घेईन."

आणि पलीकडचं दुसरं दार.
फक्त चार टेबलं, भिंतीवर ओल.
ज्वियाद नावाचा पोरगा, मिसरूडही न फुटलेला.
इतर ठिकाणी कसं, प्रश्न संपायच्या आत
"नाही नाही, काही नाही त्यात."
हा म्हणाला, "माहीत नाही."
आत गेला. मसाल्याची पुडी घेऊन आला,
मागची बारीक अक्षरं दिव्याखाली धरून
एकेक शब्द मोठ्यानं वाचला, शाळेतल्यासारखा.
"हा नको," म्हणाला. "मीठ आणि लसूण लावून देतो.
तवा नवा काढतो, आईला सांगू नका."
एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मी खुर्चीला पाठ टेकली.

तेकलेनं मासा खाल्ला, काटे ओळीनं मांडले,
दुसरा मागितला.
माझा घास घशातच. मी घड्याळ बघत होते:
चार तास, पाच तास, मग समजतं.

आता दोन वाजून गेलेत.
बादली पलंगाखाली, कोरडी.
तेकले भिंतीकडे तोंड करून झोपलीय, तोंड उघडं,
बोटांना लसणाचा वास.
कॅलेंडर उशाशी आहे.
पेन्सिलीला टोक काढायला हवं,
पण आवाजानं ती उठेल.