कायम

उद्यमनगरात, भट्टीच्या मागच्या खोलीत
सर्व्हर. त्यावर सगळ्या पॅटर्नची ड्रॉइंगं:
पंपांची पोटं, व्हॉल्व्हच्या माना,
बाळगोंडा मिस्त्रींनी सागवानात कोरलेली
तीस वर्षं, स्कॅन करून.

ती आता मशीनशॉपच्या पीसीवर दिसायला हवीत.
दिसत नाहीत.
माउंटची आज्ञा दिली की कर्सर नुसता लुकलुकतो,
ना हो, ना नाही.
"फायरवॉल आहे मिस्त्री. पाकीट घेते
आणि गप्प बसते."
"मग सरकारी हापिसच की गं."

मी दारं उघडत जाते.
दोन हजार एकोणपन्नास, हे फाइलींचं.
एकशे अकरा, हे फक्त पत्ता सांगणाऱ्याचं,
कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यासारखं.
आणि तो माउंटडी,
दर रीस्टार्टला भलत्याच दारातून डोकावणारा,
त्याला वीस हजार अठ्ठेचाळीसवर बसवला:
हललास तर बघ.
सगळ्या गावाला नाही उघडायचं.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, दहा,
एवढ्या एका गल्लीला.

सहा वाजता इम्पेलर उघडला.
मिस्त्रींनी काचेवरून पात्यावर बोट फिरवलं.
"हितं अर्धा सूत जास्त ठेवलेला मी,
बीड थंड होताना आकसतंय म्हणून.
त्ये कुठं हाय?"
पेन्सिलीनं लिहिलं होतं. स्कॅनमध्ये उडालं.

रात्री लाइट गेली.
यूपीएसनं दहा मिनिटं जीव धरला.
सकाळी पुन्हा कर्सर, लुकलुक.

आज्ञेत एक शब्द राहिला होता, परमनंट.
त्याच्यावाचून नियम चालतो, चोख चालतो,
पुढच्या झटक्यापर्यंत.

मगदूमसाहेब दारात.
"काल चालू झालं म्हणालीस?"
"झालं होतं."
माझं अकरा महिन्यांचं पत्र, चौथं,
मार्चात संपतंय.
ते मी काढलं नाही.
टाइप केलं: दोन डॅश, परमनंट.
मग रीलोड.
सक्सेस, असं उत्तर आलं, बारक्या अक्षरांत.

प्रिंटरमधून इम्पेलर सरकत बाहेर येत होता.
मिस्त्री कानामागची पेन्सिल काढून
तिथंच उभे.