कस

गुजरीत चाळीस वर्षं साज घडवले.
कसोटीवर एक रेघ, थेंबभर तेजाब,
आणि सांगून मोकळा: बावीस, अठरा,
नुसता मुलामा.
लाखेचा मणी नि भरीव मणी
बोटांत फिरवूनच कळतो मला.

ही मात्र चौसष्ट अंडी.
मोहरीएवढी, दुधाच्या पिशवीच्या पट्ट्यांना चिकटलेली.
भाचा निनाद बंगळूरला गेला नि त्याची टाकी माझ्याकडे आली,
आत दोन न्यूट, पोट लालभडक, पाठ काळी.
समोरचे बाबालाल अत्तरवाले दारातूनच,
"काय पोतदार, पाली पाळल्यासा व्हय?"

नर दिवाळीतच मेला.
मादीनं त्याचं काहीतरी पोटात जपलंय, म्हणाला निनाद फोनवर,
असेल किंवा नसेलही.
पौष लागला तशी ती रोज रात्री
मागच्या पायांनी पट्टी दुमडायची
आणि घडीत एक ठेवून द्यायची,
पुडी बांधावी तशी.

भिंग डोळ्याला लावलं.
प्रत्येकात एक गोळा, वरून तपकिरी, खालून फिका.
सगळे सारखे.
दुसऱ्याच दिवशी सहा मला पोकळ वाटली.
चाळीस वर्षांचा डोळा!
चिमट्यानं उचलून वाटीत काढली,
ओतून देणार, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं,
वाटी खिडकीतच राहिली.

टाकीला ओलं फडकं गुंडाळत बसलो. दिवस गेले.
काही अंडी पांढरी पडली, साबुदाण्यासारखी,
मग त्यांना कापूस फुटला.
शेजारच्याला लागायच्या आत काढून टाकली.
बाकीच्यांत गोळा लांबला,
घेवड्याच्या बीसारखा वाकला.
मी काही केलं नव्हतं, कुठला दगड नाही, तेजाब नाही.

नवव्या दिवशी वाटी आठवली.
पाच पांढरी.
सहावं
भिंगाखाली कुशीवर वळलं.

भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.
पुन्हा वळलं.

आज दुपारी कागलची एक बाई आली,
सासूचा साज रुमालात बांधून.
"बघून सांगा, खरा हाय न्हवं?"
कसोटी हाताशीच होती.
"चार दिवस ठेवून जा," म्हणालो.
ती बघतच राहिली.
मग मलाच हसू आलं, रेघ ओढली,
पिवळीधमक उमटली.
तिनं साज परत रुमालात बांधला, पायरी उतरली.

वाटीतलं पाणी बदलायचं राहिलंय.