फक्की

गेल्या वर्षी मी राष्ट्रपतींसाठी तीनदा गोल काढला.
मी सायबण्णा कोरे, मैलकुली, सार्वजनिक बांधकाम,
अक्कलकोट रस्ता, दगड नंबर सात ते पंधरा.

गोल सोपा असतो.
मध्ये खिळा ठोकायचा, सुतळी ताणायची
आणि फक्कीचं घमेलं कमरेला टेकवून
आपल्याच पावलांकडे बघत मागं मागं सरकायचं.
अवघड तो आतला एच.
दोन्ही तंगड्या सारख्या आल्या पाहिजेत,
नाहीतर उपअभियंता म्हणतात,
"कोरे, हेलिकॉप्टर लंगडं उतरेल की ओ."

पहिला गोल पौषात.
होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे फिरत होते,
म्हणून आम्हाला ट्रॅक्टरमधून
विद्यापीठामागच्या माळावर नेलं.
दुपारी निरोप आला: दिल्लीत धुकं, दौरा रद्द.
माळावर इतकं लख्ख ऊन होतं
की आमचा विश्वास बसेना.

आठवड्यानं पेपरात ते भलत्याच देशात,
कुठल्याशा बेटावर, गळ्यात शिंपल्यांची माळ.
गंगव्वा भाकरी थापत होती.
(ती खिळा ठोकत नाही,
तरी तिचा गोल माझ्यापेक्षा नेटका.)
फोटोकडे बघून म्हणाली,
"तिथं पण कुणीतरी फक्की मारली असेल की."

तेव्हापासून मी फोटो कापून ठेवतो.
तोंड बघत नाही, पायाखालचं बघतो.
कुठं गालिचा, कुठं हिरवळ,
एकदा कडेला पांढऱ्या रेघेचा तुकडा दिसला
तर सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.
एकदा नुसता बर्फ.
पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार?
साहेबांना विचारलं. म्हणाले, "तांबडा मारत असतील."
रात्रभर डोळ्यांसमोर तो माणूस,
बोटं आखडलेली,
मागं मागं सरकत तांबडा गोल काढणारा.

दुसरा गोल चैत्रात, त्रेचाळीस डिग्रीला.
कार्यक्रम पुढे ढकलला, कारण कळवलं नाही.
गोल आठ दिवस टिकला.
मग मेंढरं त्यावरून गेली
आणि संध्याकाळपर्यंत केगावच्या रस्त्यावर
पांढरे खूर उमटत राहिले.

आश्विनात मात्र आले.
आम्ही दोरीच्या पलीकडे, तीनशे मीटरवर.
हेलिकॉप्टर खाली येत गेलं, वारा सुटला,
आणि चाकं जमिनीला लागायच्या आत
माझा गोल उठला, अख्खा,
दोन्ही सारख्या तंगड्यांसकट,
कलेक्टरांच्या जोधपुरीवर, बँडवाल्यांच्या पितळेवर,
आमच्या डोळ्यांत.
मी डोळे चोळेस्तोवर काळ्या गाडीचं दार लागलं होतं.
एक तास पन्नास मिनिटं.
म्हणतात, पूर्वभागात विणलेली चादर भेट दिली.

वर्ष सरताना पेपरात हिशोब आला:
इतकी राज्यं, इतके देश, इतके किलोमीटर.
सुवर्णा म्हणाली, "अण्णा, तुमचा पण काढू."
आठ जायचे, आठ यायचे, दोनशे नव्वद दिवस:
चार हजार सहाशे चाळीस.
शाळेच्या नकाशावर तिनं दोरा धरला
आणि सोलापुरातून निघालेला मी
तुर्कस्तानात कुठंतरी पोचलो.
गंगव्वा म्हणाली, "तिकडं भाकरी मिळंल का?"

गेल्या रविवारी कामावर नव्हतो.
सहज चालत निघालो.
पंधरापाशी पाय सवयीनं वळायला लागले,
त्यांना म्हटलं, थांबा.
सोळापर्यंत गेलो. दगडावर हात ठेवला.
रंग पार उडालाय, आकडाही नीट लागत नाही.
तिकडचा मैलकुली कोण आहे
मला माहीत नाही.